काळजाभोवतीचं पाणी

बाबा, मला भीती वाटते आहे. इथं हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसले. तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली, तुम्ही हे वाचणार नाही हे मला कळतं. डोकं अजून ठिकाणावर आहे. पण आपल्या सगळ्या गोतावळ्यात भीती म्हणजे काय हे आतून-बाहेरून माहीत असलेले तुम्ही एकटेच होतात. बाकीचे सगळे शूर आहेत. भेटायला येतात, संत्री ठेवतात, 'हिंमत ठेव' म्हणतात आणि चहा प्यायला खाली जातात. तुमचे जावई दिवसातून दहा वेळा 'काई होत नाई' म्हणतात. लेक अमरावतीहून आली आहे, ती म्हणते, आई, मनात चांगले विचार आण. मी आणते. ते येतात, थोडा वेळ टेकतात आणि पाहुण्यासारखे निघून जातात. भीती मात्र मुक्कामालाच आहे.

मी सेवाग्रामच्या दवाखान्यात आहे. खिडकीजवळची खाट मिळाली आहे, बाहेर कडुनिंब आहे, त्याच्याखाली नातेवाईक लोक डबे उघडून जेवत बसतात. माझ्या छातीच्या मधल्या हाडाच्या खालून एक बारीक नळी बाहेर आली आहे आणि तिच्या टोकाला पिशवी लावली आहे. त्या पिशवीत जे साठतं ते माझ्या काळजाभोवतीचं पाणी. कालपर्यंत ते कमी कमी होत होतं. आज सकाळपासून पुन्हा वाढलं आहे. डॉक्टरीणबाई संध्याकाळी येणार आहेत आणि मला त्यांना एका गोष्टीचं हो किंवा नाही सांगायचं आहे. त्याच्या आत तुमच्याशी बोलून घ्यावं म्हटलं. तुमचा सल्ला नको, सल्ला द्यायला तुम्ही नेहमीच घाबरायचात. नुसतं जवळ बसा.

पहिल्यापासून सांगते, कारण यातलं काहीच तुम्हाला माहीत नाही. तीन वर्षांपूर्वी मला छातीचा कॅन्सर झाला. डाव्या बाजूची गाठ होती, ऑपरेशन करून काढली, मग सलाइनमधून औषधं दिली, केस गेले, परत आले ते कुरळे आले. आमच्या गावच्या, रोहण्यातल्या बाया हात लावून पाहायच्या. दर काही महिन्यांनी दाखवायला यायचे आणि दरवेळी डॉक्टर ठीक आहे म्हणायचे. मला वाटलं सुटले. एक वेळ अशी आली की दाखवायला जायच्या दिवशी मी डब्यात पोळ्या घेऊन, सहलीला निघाल्यासारखी निघायचे.

यंदा कापसाला भाव नव्हता. तसा कधीच मनासारखा नसतो, पण यंदा तुमच्या जावयांनी हट्टच धरला की थांबायचं. मग वेचलेला सगळा कापूस घरात भरला. पुढची खोली जवळजवळ छतापर्यंत. तुम्ही दुकानदार माणूस, तुम्हाला आमच्या घरचा हा प्रकार पहिल्यांदा पाहून किती भीती वाटली होती आठवतं? ठिणगी पडली तर, म्हणून तुम्ही दिवा लावू दिला नव्हता आणि सगळे अंधारात जेवले होते. तर कापूस घरात असला की सगळं घर खोकतं. अंगाला खाज सुटते, नाकात बारीक तंतू जातात, लेकरांना शिंका येतात. मीही खोकत होते. दम लागत होता. घरातले सगळेच खोकतात, त्यात माझ्या खोकल्याचं कुणाला काय वाटणार? मलाही काही वाटलं नाही. थंडीचे दिवस, म्हणून मी त्या ढिगावरच झोपायला लागले. पाठीशी ढीग, अर्धी बसलेली, अर्धी निजलेली. ऊब छान असते कापसाची. जाऊबाई म्हणायच्या, आमच्या घरात एक महाराणी आहे, तिला खाट चालत नाही. मी हसायचे. मला आडवं होऊन श्वास घेता येत नाही, म्हणून मला तो ढीग आवडतो, हे माझं मलाही कळलं नव्हतं.

मग एके दिवशी भाव थोडा चढला आणि गाडी आली. माणसांनी कापूस भरला, सरकी काढायला जिनिंगला नेला. खोली एकदम मोठी झाली. मी झाडून घेतली, आणि दुपारी जेवून तिथंच चटईवर जरा आडवी झाले. बाबा, छातीवर कुणीतरी गव्हाचं पोतं आणून ठेवावं तसं झालं. उठून बसले, बरं वाटलं. पुन्हा निजले, पुन्हा तेच. शेवटी पुढ्यात पिठाचा डबा घेऊन त्यावर हात ठेवून ओणवी बसले, तेव्हा कुठे श्वास पुरला. तिन्हीसांजेपर्यंत तशीच बसून होते. सगळ्यांना सांगितलं की झाडताना धूळ गेली.

जाऊबाईंनी माझे पाय पाहिले. त्यांचं माझ्यावर लक्ष असतं, आईसारखं. म्हणाल्या, "तुहे पाय त पाह्य कसे सुजले. माही पान्याची गोळी घे, अन् आता पानी कमी पेजो." त्यांना रक्तदाबासाठी ती गोळी आहे, घेतली की लघवी होते आणि सूज उतरते. सूज म्हणजे अंगात पाणी झालं, आणि अंगात पाणी झालं म्हणजे वरून पाणी बंद, हे आपल्या आंजीच्या घरीसुद्धा होतंच की. आजीचे पाय सुजले की तुम्ही तिच्या उशाचा तांब्या उचलून आत ठेवायचात आणि ती मागायची तेव्हा तोंड फिरवून बसायचात. मी गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी अजून एक घेतली. पाणी घोट घोट. जीभ टाळूला चिकटत होती आणि मी मनात म्हणत होते की औषध लागू पडतंय.

तहान आणि भीती एकत्र आली की माणसाला काय होतं ते मला त्या सकाळी कळलं, आणि तुमचं एक रागावणं आठवलं. तुम्ही मला फार थोड्या वेळा रागावलात, रागवायचीही तुम्हाला भीतीच वाटायची. आपल्या दुकानात नवा फोन आला होता. गावातल्या बायांचे नवरे, मुलं बाहेरगावहून करायची, आणि आपण निरोप धाडून त्यांना बोलवायचो. एक बाई आली, तिला फोन कानाला लावायची भीती वाटत होती. तिनं तो पदरात धरला, निखारा धरावा तसा. मी हसले. चांगली चौदा वर्षांची घोडी होते आणि खदाखदा हसले. ती बोललीच नाही, तशीच परत गेली. तुम्ही गिऱ्हाइकासमोर काही बोलला नाहीत. दुकान बंद करताना, कुलूप तीनदा ओढून पाहून झाल्यावर मला म्हणालात, "भेलेल्या मानसाले हासाव नाई. त्याले बस म्हनाव, पानी द्याव, मंग इचाराव." आणि मग चौथ्यांदा कुलूप ओढून पाहिलंत.

त्या सकाळी मला कुणी पाणी देणार नव्हतं, कारण सगळ्यांचा माझ्यावर जीव होता. न्हाणीकडे जाताना डोळ्यांपुढे काळं आलं. दाराची चौकट धरली, ती हातातून सुटली एवढं आठवतं. नंतर जाग आली ती शेजाऱ्यांच्या गाडीत. हात-पाय थंडगार, घाम सुटलेला, आणि तुमचे जावई माझा तळवा घासून राहिले होते. गाडी आंजीवरून चालली होती. मी डोळे किलकिले करून पाहिलं. आपल्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, रंगीत पाटी आहे. पण ओटा तोच. त्या ओट्यावर तुम्ही बसलेले दिसलात असं मी लिहिणार नाही, कारण दिसला नाहीत. फक्त असं वाटलं की इथं जो माणूस बसायचा तो आत्ता असता तर गाडीत बसला नसता. गाडीच्या मागे धावत आला असता, कारण गाडीचीही त्याला भीती वाटायची.

लोक तुम्हाला 'भेकड शेठ' म्हणायचे, माहीत होतं ना तुम्हाला? माहीत असणारच. कुत्रं दिसलं की तुम्ही अख्खा वळसा घालायचात. वीज कडाडली की आम्हा सगळ्यांना तांदळाच्या पोत्यांवर पाय वर घेऊन बसवायचात. वजन-काटे तपासणारा साहेब यायचा त्या दिवशी तुमचा सदरा भिजायचा, आणि तुमची वजनं तर अशी चोख की साहेबच कंटाळून जायचा. माझ्या लग्नात फटाके लागले आणि वधूपिता मांडवाच्या मागे जाऊन उभा राहिला. सासरचे अजून सांगतात. सुईची तर अशी भीती की साधं इंजेक्शन घ्यायचं म्हटलं तरी तुम्ही दोन दिवस आधी जेवण सोडायचात. आणि गेलात तेही झोपेत. भ्यायला वेळच मिळाला नाही तुम्हाला. मला त्याचं फार बरं वाटलं होतं, रडत असतानासुद्धा.

दवाखान्यात खाली तातडीचा जो विभाग आहे तिथं एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला पाहिलं. माझ्या लेकीपेक्षा लहान असेल. तिनं माझी मान जराशी वळवली आणि गळ्याच्या फुगलेल्या शिरांकडे पाहत राहिली. नाडी धरली, मला श्वास आत घ्यायला सांगितला, आणि तिचा चेहरा बदलला. मी तोच पाहत होते, बाबा. दवाखान्यात माणूस दुसरं काय पाहतो? लगेच एक छोटं मशीन ओढून आणलं, छातीवर गार जेल लावलं आणि पडद्यावर चित्र आलं. तिनं पडदा माझ्याकडून वळवला नाही, किंवा घाईत तिला ते सुचलं नसेल. मला माझं काळीज दिसलं. सगळीकडे काळं पाणी आणि त्यात ते इकडून तिकडे झोके खात होतं, विहिरीत सुटलेल्या बादलीसारखं. मला कुणी काही सांगायच्या आधी कळलं की हे धुळीचं काम नाही.

तिनं सलाइन लावायला सांगितलं, आणि इथं तुमचे जावई आडवे आले. जन्मात कधी डॉक्टरपुढे आवाज न काढलेला माणूस, पण बाटलीवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "तिच्या अंगात पयलेच पानी झालं, अन् तुमी अजून भरून राह्यले?" ती रागावली नाही. तिनं विचारलं की घरी काय औषध दिलं. यांनी गोळीचं सांगितलं, पाणी बंद केल्याचंही सांगितलं, जरा अभिमानानंच. तिनं ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाली, "काका, पाणी हृदयाच्या बाहेर आहे, त्याच्याभोवतीच्या पिशवीत. ते बाहेरून दाबतंय, हृदयाला फुलू देत नाही. आतलं रक्त कमी झालं तर ते अजूनच दबेल. बाहेरचं काढेपर्यंत मला आतून भरून ठेवायचंय." यांनी बाटलीवरचा हात काढला. त्या गोळ्यांनी माझ्या अंगातलं हवं तेच पाणी काढून टाकलं होतं आणि नको ते तिथंच होतं. हे मी जाऊबाईंना कळू देणार नाही. यांना शपथ घातली आहे. त्या रोज माझ्यासाठी डबा पाठवतात आणि डब्यात रोज तुरीच्या डाळीचं पातळ वरण असतं, कारण ते घशाखाली लवकर उतरतं.

मग सुई. बाबा, हे तुम्ही वाचू नका, पुढच्या ओळीवर जा. खाट अर्धी उभी करून मला बसती केली आहे. छातीच्या हाडाखाली औषध लावून तेवढी जागा बधिर केली आहे. मी पूर्ण जागी आहे. मोठे डॉक्टर तिच्या मागे उभे आहेत, ती मशीनवर पाहते आहे, आणि तिच्या हातातली सुई लांब आहे, आणि ती जिथं जाणार आहे तिथं माझं काळीज आहे. हलायचं नाही. खोकायचं नाही. नर्स म्हणते, घाबरू नका काकू. माझे दात वाजताहेत. मला ओरडून सांगावंसं वाटतं की सोडा मला, मी आहे तशी बरी, डब्यावर ओणवी बसून काढीन दिवस. जेवढी हवा आत जाते तेवढ्यात एकच वाक्य मावतं, आणि मी ते तिला विचारते. "तुमाले भेव नाई लागत का?"

 मोठ्या डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ती मशीनवरून नजर न हलवता म्हणाली, "लागतं ना काकू. म्हणून तर बघत बघत करते."

मी डोळे मिटले, आणि मला तुम्ही आठवलात. सेवाग्रामलाच आणलं होतं तुम्ही मला, मी सात-आठ वर्षांची असताना. भर दुपारी दुकानामागच्या सरपणात हात घातला आणि विंचू चावला. कुणीतरी म्हणालं, लाल विंचू दिसते, याचं विष काळजावर जाते. तुम्ही मला उचललंत आणि धावत सुटलात. दुकान उघडं, गल्ला उघडा. जन्मभर तीनदा कुलूप ओढणाऱ्या माणसानं त्या दिवशी कुलूप लावलंच नाही. बसमध्ये तुम्ही मला मांडीवर घेतलंत आणि माझ्या छातीवर तळवा ठेवलात, ठोके पडताहेत की नाही ते बघायला.  माझ्या छातीपेक्षा तुमचा हातच जास्त उडत होता. बसमधल्या बाया म्हणत होत्या, भेऊ नको पोरी. मी रडत होते. आणि तुम्ही माझ्या कानाशी तोंड आणून म्हणालात, "मले बी लई भेव लागून राह्यलं, बाई. तू एकटी नको भेऊ. आपन दोघं मिळून भेऊ." मी रडायची थांबले. का थांबले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

सुई आत गेली तेव्हा दुखलं कमी आणि दाबल्यासारखं जास्त झालं. पाणी आलं ते लाल, डाळिंबाच्या रसासारखं. एक मोठी सिरिंज भरली, बाजूला ठेवली, दुसरी लावली. ती भरत आली आणि बाबा, श्वास आला. सगळा आला. पोतं उचलून कुणीतरी बाजूला ठेवलं. बोटांच्या टोकांना ऊब यायला लागली. मला आनंद नाही झाला त्या क्षणी, मला भूक लागल्यासारखी हवा खावीशी वाटली, आणि मी खात राहिले. नंतर त्यांनी सुईच्या जागी नळी बसवली, टाका घातला. मी पाणी मागितलं. यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, ती म्हणाली, द्या ना, पिऊ द्या. यांनी ग्लास माझ्या तोंडाला लावला तर तो दातांवर वाजला. मी पोटभर पाणी प्यायले. इतकं गोड पाणी मी कधी प्यायलेलं नाही, आणि ते दवाखान्यातल्या नळाचं होतं.

पाणी तपासायला पाठवलं होतं. दोन-तीन दिवसांनी ती डॉक्टरीणबाई आली, स्टूल ओढून बसली. उभ्याउभ्या बोलली असती तर मी वाचले असं समजले असते, बसली तेव्हाच समजलं. म्हणाली की त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या आहेत. जुनाच आजार आहे, हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचला आहे. नळी कायम ठेवता येत नाही आणि काढली की पाणी पुन्हा भरू शकतं, पुन्हा तीच घाई, आणि आमचं गाव लांब. म्हणून एक छोटं ऑपरेशन करायचं म्हणतात. भूल देऊन त्या आवरणाला एक खिडकी पाडतात, म्हणजे पाणी साठत नाही, वाट काढून बाहेर पडतं. मी विचारलं की मग मी बरी होईन का. ती म्हणाली, "नाही काकू. पण दम लागणार नाही. आडवं होऊन झोपता येईल. आणि पुढची औषधं द्यायला आपल्याला वेळ मिळेल." तिनं किती वेळ ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. खोटं कशाला सांगू, तोंडापर्यंत आलं होतं, गिळलं.

आता अडलं आहे ते इथं. मला त्या भुलीची भीती वाटते. सुईच्या वेळी निदान मी जागी होते, काय होतंय ते कळत होतं. आता डोळे मिटायचे आणि काळीज दुसऱ्याच्या हातात द्यायचं, आणि ते परत सुरू आहे की नाही हे बघायला मी तिथं नसणार. नाही म्हटलं तर कुणी जबरदस्ती करणार नाही. तुमचे जावई म्हणतात, "तू म्हनशीन तसं," आणि खिडकीबाहेर पाहतात. लेक म्हणते, आई, तू फायटर आहेस. मला ह्या शब्दाचा राग येतो, बाबा. मी रोहण्याची एक बाई आहे, माझं कुणाशी भांडण नाही, मला फक्त चटईवर आडवं होऊन झोपायचं आहे.

मधे लिहिणं थांबवलं होतं. हे आले. सकाळपासून खाली कडुनिंबाखाली बसून होते, मला खिडकीतून दिसत होते. आले, पिशवीकडे पाहिलं, पिशवी सकाळपेक्षा भरलेली होती. मग नेहमीसारखं सुरू केलं की काई होत नाई. मला काय झालं कोण जाणे, मी त्यांना तेच विचारलं जे डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. तुमाले भेव लागते का?

ते पलंगाची दांडी धरून उभे राहिले. मग म्हणाले, "लागते ना. गाडीत तुहा हात थंडा पडला तवापासून लागून राह्यलं. आंजी आली तवा मले वाटलं..." आणि त्यांनी पिशवीकडे पाहिलं. मी विचारलं, मग मले काऊन नाई सांगतलं? तर म्हणाले, "तू भेली असती."

मला हसू आलं. नळीच्या टाक्यापाशी ओढ बसली इतकं हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. तीस वर्षांचा संसार, आणि दोन माणसं एकमेकांपासून लपवून एकच भीती जपत बसली होती, एक खाटेवर आणि एक झाडाखाली. मी त्यांना म्हटलं, बसा. स्टुलावर बसवलं. माझ्याच तांब्यातलं पाणी ओतून दिलं. ते प्यायले, थोडं सदऱ्यावर सांडलं. मग मी त्यांना बसमधलं तुमचं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. मांडवामागे लपलेल्या सासऱ्यावर ते आजवर हसत आले, आज हसले नाहीत. त्यांनी स्टूल खाटेला लावून घेतलं आणि माझा हात धरला. बराच वेळ आम्ही दोघं भ्यालो, अगदी मन लावून. दोघांत ती वाटली म्हणून कमी नाही झाली, पण तिच्याकडे सरळ पाहता आलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आली. मी हो म्हटलं. तिनं विचारलं की काही शंका आहे का, तर मी म्हटलं, शंका नाही, भीती आहे. यांनी मान हलवली आणि म्हणाले, मले बी. ती हसली नाही. भूल चढेपर्यंत कुणीतरी हात धरून राहील असं बघते म्हणाली, जमलं तर मीच. उद्या सकाळी नेणार आहेत. मला अजून तितकीच भीती वाटते आहे, हे लिहिताना अक्षर बघा कसं येतंय.

हे कागद मी कुणाला देणार नाही, लेकीच्या हाती तर लागूच देणार नाही. तिच्यापुढे मला अजून थोडे दिवस शूर राहू दे. तुम्हाला मात्र एक गोष्ट सांगायची राहिली आहे, इतक्या वर्षांत कधी सांगितली नाही. विंचवाची कळ, बाबा, वर्ध्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हाच ओसरली होती. सेवाग्रामपर्यंत रिक्षात मी उगाच कण्हत राहिले. बरं वाटतंय म्हटलं असतं, तर तुम्ही माझ्या छातीवरचा हात काढून घेतला असतात.